लेबल लोणच्याइतके तरी टिकावे

महोदय,

महिला बचत गट आणि घरगुती उद्योजक विकत असलेली लोणची, मसाले, कोकम आगळ यांचे वेष्टन गेल्या काही वर्षांत पुष्कळ सुधारले आहे. परंतु वेष्टनावरील लेबल अनेकदा माल संपण्याआधीच वाचता येईनासे होते. लेबल प्रिंटर घेताना केवळ किमतीचा विचार केला जातो, हे त्याचे मुख्य कारण आहे.

'डायरेक्ट थर्मल' प्रकारचा प्रिंटर स्वस्त पडतो, कारण त्यात शाई वा रिबन लागत नाही. उष्णतेने काळा होणारा कागदच त्यात वापरला जातो. कुरिअरच्या पार्सलवर पत्ता चिकटवायला तो उत्तम आहे, कारण त्या लेबलचे काम चार-आठ दिवसांत संपते. तोच कागद वर्षभर टिकणाऱ्या लोणच्याच्या बरणीवर लावला, तर उन्हाने व तेलकट हातांनी अक्षरे पुसट होतात आणि उष्णतेने कागद काळवंडतो. दुकानांची जुनी बिले जपून ठेवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. 'थर्मल ट्रान्सफर' प्रिंटरमध्ये मात्र रिबनवरील शाई लेबलवर उतरते. कागदी लेबलला मेणाची रिबन पुरते. तेलकट किंवा ओलसर मालासाठी प्लास्टिकचे लेबल आणि राळयुक्त रिबन घ्यावी लागते. खर्च वाढतो, हे खरे; पण घरच्या साध्या इंकजेटवर छापलेली शाई पाण्याच्या थेंबाने पसरते, त्यामुळे तोही पर्याय उरत नाही.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता इत्यादी मजकूर ठळक व सुवाच्य असावा लागतो आणि तो हिंदीत किंवा इंग्रजीत असणे आवश्यक आहे. मराठी त्याच्या जोडीला देता येते. खाद्यपदार्थावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांकही हवा. एवढा मजकूर छोट्या लेबलवर बसवताना अक्षरे एक मिलिमीटरच्या किमान उंचीपर्यंत खाली येतात. २०३ डीपीआयचा, म्हणजे एका इंचात २०३ ठिपके छापणारा, प्रिंटर एका मिलिमीटरमध्ये आठच ठिपके उमटवतो, आणि तेवढ्यात 'क्ष' किंवा 'ट्र' ओळखू येईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ३०० डीपीआयमध्ये सुमारे बारा ठिपके मिळतात. देवनागरी छापणाऱ्याने हा फरक पैशांत मोजू नये.

रंगीत लेबल मुद्रणालयातून एकदम छापून घ्यावे आणि बॅच क्रमांक, तारीख व किंमत एवढेच आपल्या प्रिंटरवर छापावे, ही पद्धत छोट्या उत्पादकाला सर्वांत परवडणारी आहे, असे माझे मत आहे.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत बचत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल खेळत्या भांडवलासाठी व छोट्या अवजारांसाठी मिळते. याच योजनेच्या प्रशिक्षणात लेबल आणि प्रिंटर यांसाठी एखादा तास राखून ठेवावा, आणि विक्रेत्याकडून नमुना लेबल मागून, त्यावर तेल चोळून व ते काही दिवस उन्हात ठेवून मगच यंत्र घेण्याची सवय तेथे लावावी, अशी संबंधित अधिकाऱ्यांना विनंती आहे.

— एक वाचक, सांगली