सांगोल्याच्या तात्यांना, जाहीरपणे

ती. तात्यांना सा. न.

हे पत्र पोस्टाने पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून, घडी घालून खिशात ठेवलं असतं आणि घरातसुद्धा कुणाला कळू दिलं नसतं. म्हणून मुद्दाम चारचौघांत लिहितेय. नाव कुठं घालू नको म्हणालात, ते मात्र पाळते.

गणपतराव देशमुखांवरचा, म्हणजे आपल्या आबांवरचा, माझा लेख काल रात्री पुरा झाला आणि पहिली आठवण तुमची आली. सांगोल्यातून ११ वेळा आमदार, एकच पक्ष (शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप), एकच मतदारसंघ, एसटीने फिरणारा माणूस. एवढं तर कुणीही झोपेत सांगेल. मला त्यापुढचं हवं होतं, आणि त्यासाठी मी ज्यांचे उंबरे झिजवले त्यांच्याबद्दल न बोलणंच बरं. पण बोलते. पुण्यतिथीच्या फलकावर आबांपेक्षा स्वतःचा फोटो मोठा लावणाऱ्या एका पुढाऱ्याने ‘पीएला सांगतो’ म्हणून वाटेला लावलं. पीएने नंतर फोनच उचलला नाही. एका ठिकाणी कपाट होतं, पण किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे. एका अभ्यासकाने कागद दाखवायच्या आधी ‘यात आमचं नाव कुठं येणार’ एवढंच विचारलं. सगळे आबांचे भक्त बरं का!

आणि तुम्ही? जन्मभर काँग्रेसचे. ‘आबांना एकदाबी मत दिलं न्हाई,’ हे तुम्ही दारातच सांगितलंत, चपला काढायच्या आधी. मग आत जाऊन पत्र्याची पेटी घेऊन आलात.

त्या पेटीतली कात्रणं इतकी वाळली होती की बोट लागलं तर पापुद्रा निघावा. मला हात लावू दिला नाहीत. एकेक कात्रण स्वतःच्या तळहातावर घेऊन खिडकीपाशी धरत होतात आणि मी फोटो काढत होते. हात थोडा थरथरायचा, म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरायचात. आणि प्रत्येक वेळी, न सांगता, तारखेवरून अंगठा बाजूला सरकवायचात. तात्या, एवढ्यासाठीच हे सगळं पत्र आहे. लिहिणाऱ्याला तारीख लागते, हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं? आत जेवण निवत होतं, वहिनी दोनदा डोकावून गेल्या. ‘बसू दे पोरीला, लांबनं आलीय,’ म्हणालात.

१९६२ची पहिली निवडणूक, १९७२चा पराभव, १९७४च्या पोटनिवडणुकीतलं पुनरागमन, सगळं त्या तळहातावरून गेलं. १९७८ आणि १९९९ अशी दोनदा मंत्रिपदं, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर. सूतगिरणी कशी उभी राहिली, हे तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त रंगून सांगत होतात. आटपाडीच्या पाणी परिषदांचं सांगताना स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींचं नाव आलं तेव्हा तुमचा आवाज बदलला. कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं म्हणून ही माणसं वर्षानुवर्षं बोलत राहिली, टेंभू-म्हैसाळ या पाणी उपसा योजनांच्या मागे लागली. ‘पाणी आलं तवा त्यानं माझा पक्ष इचारला न्हाई,’ म्हणालात आणि हसलात.

१९९५चं कात्रण मात्र तुम्ही स्वतःहून वर काढलंत. तुमचा माणूस जिंकला ते वर्ष. अंतर १९२ मतांचं. मला वाटलं, आता तुमची छाती फुगणार. तुम्ही म्हणालात, ‘गुलाल आम्हीबी उधळला. पर हे लिवताना आकडा घाल, निस्तं हरले म्हणू नको.’ विरोधकाचा पराभव नेमका किती मतांचा, हे त्याच्या बाजूने कुणी जपून ठेवावं असं राजकारण आपल्याकडे होतं, यावर आजच्या पोरांचा विश्वास बसायचा नाही. माझाही पेटी बघेपर्यंत बसला नसता. हल्ली तर गावाच्या ग्रुपवर एका निकालावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. आबांच्या साधेपणाचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटले. पण आपलं मत न सोडता दुसऱ्याचं खरं ते सांभाळणारी, तुमच्यासारखी माणसं होती म्हणूनच तसा माणूस इतकी वर्षं निवडून येऊ शकला, असं आता मला वाटतं. तुम्ही हे वाचून ‘काहीबी लिवतीय’ म्हणणार, माहीत आहे.

पेटीत सगळ्यात वरचं कात्रण ३१ जुलै २०२१चं होतं, आबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. ते एकच तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. मी त्याबद्दल काही विचारलं नाही, तुम्हीही काही बोलला नाहीत.

लेखात १९२ घातलेत. संपादकांनी ‘आकडे फार झाले’ म्हणून काही उडवले, पण १९२ला मी हात लावू दिला नाही. अंक निघाला की दोन प्रती पाठवते. एक तुमची, आणि एक पारावर रोज तुमच्याशी भांडणाऱ्या त्या शेकापवाल्या दोस्ताची. त्यांना आधी द्या. आणि वहिनींना सांगा, पुढच्या वेळी मी जेवूनच जाणार आहे.

तुमची,
लांबनं आलेली पोर