सूज उतरली तरी गोळी चालू ठेव

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

पायाच्या शिरेतल्या रक्ताच्या गुठळीवर औषध सुरू होऊन आज चौथा दिवस. सूज उतरतेय, आयएनआरही (रक्त किती उशिरा गोठतं, त्याचा आकडा) २.१ आला, मग पोटातली रक्त पातळ करणारी इंजेक्शनं थांबवू का, असं विचारलंस. नको, बाळा.

वॉरफरिन, म्हणजे तुझी रक्त पातळ करणारी गोळी, सुरू केलं की रक्त गोठवणारा सातवा घटक सर्वांत आधी कमी होतो, म्हणून आकडा लवकर चढतो. पण गोठवण्याचं खरं काम करणारा घटक, प्रोथ्रॉम्बिन, निम्मा व्हायलाच अडीच-तीन दिवस लागतात. म्हणजे रिपोर्ट चांगला दिसतो, पण रक्त अजून गोठायला तयारच असतं. म्हणून इंजेक्शनं किमान ५ दिवस आणि आयएनआर २ च्या वर सलग २४ तास राहीपर्यंत. सुई बेंबीपासून चार बोटं लांब, कातडीची चिमूट धरून सरळ आत. नंतर चोळू नकोस, काळंनिळं होतं.

दुसरं, वॉरफरिन गुठळी विरघळवत नाही. ते तिला वाढू देत नाही, एवढंच. विरघळवतं आपलं शरीर, त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि सूज त्याआधीच उतरते. प्लास्टरमध्ये पोटरी हलली नाही, रक्त शिरेत साचलं, त्यात हाड मोडलेलं. कारण असं तात्पुरतं असलं की साधारण ३ महिने औषध पुरतं. पण थांबवायचं ते डॉक्टरांनी. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर त्यांना न लाजता सांग, इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. पाळी चुकली तर त्याच दिवशी सांग, वॉरफरिन गर्भाला बाधतं.

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी. विसरलीस तर त्याच दिवशी आठवल्यावर घे. दुसऱ्या दिवशी दोन कधीच नाही. मेथी-पालक बंद करू नकोस, दर आठवड्याला साधारण तेवढंच खा. दुखलं तर पॅरासिटामॉल. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन मनाने नाही. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल कुणी दिलं तर आधी वॉरफरिन चालू असल्याचं सांग, त्याने आयएनआर भलताच चढतो.

शी डांबरासारखी काळी झाली, लघवी लाल झाली किंवा डोक्याला मार लागला, तर लगेच हॉस्पिटल. एकाएकी धाप लागली, खोल श्वासाला छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर सकाळची वाट न बघता १०८. गुठळीचा तुकडा फुप्फुसात गेला की असंच होतं.

पुढचा आयएनआर झाला की आकडा आणि त्या दिवशीची गोळी किती मिलीग्रॅमची, दोन्ही कळव.

तुझी आई