तिओंची वही

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

बार्देशातल्या आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ नुकतेच देवाघरी गेले. हिंदू असो की ख्रिस्ती, सगळा वाडा त्यांना तिओ, म्हणजे काका, म्हणायचा. परवा त्यांच्या महिन्याच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेलो होतो. मीस सुटल्यावर त्यांच्या मुलीने एक जुनी वही माझ्या हातात ठेवली. "पप्पांनी तुम्हालाच द्यायला सांगितली होती," म्हणाली. त्या वहीपायी हे पत्र लिहितो आहे.

तिओ तारवटी होते. अर्धे आयुष्य बोटीवर काढून घरी परतले, तेव्हापासून संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बायको-मुलांसोबत घरात नसले असे क्वचितच झाले. चर्चच्या कोंफ्रारियात, म्हणजे सेवेकऱ्यांच्या संघात, होते. कुणाचे मरण असले की खांद्यावर संघाचा लाल मुर्स घालून पुढे उभे. 2024 च्या नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा शवप्रदर्शन सोहळा चालला, तेव्हा गुडघे दुखत असतानाही ते भाविकांच्या रांगेत पाणी वाटायला जात. आणि चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीवर बांधायच्या आमच्या माटोळीसाठी सुपारीचा शिपटा (घड) त्यांच्याच भाटातून (बागेतून) यायचा. मागावा लागला नाही कधी.

पण मला सांगायचे आहे ते वहीबद्दल. त्यात 63 नावे आहेत, रोमी लिपीत. प्रत्येकापुढे रक्तगट, फोन आणि शेवटचे रक्त कधी दिले ती तारीख. पुरुषाला दोन रक्तदानांत 90 दिवसांचे अंतर ठेवावे लागते, म्हणून तारखेखाली पेन्सिलीने पुढची तारीखही मांडलेली. दर तीन महिन्यांनी तिओ आपली मारुती ऑम्नी काढायचे आणि पाच-पाच, सहा-सहा जणांना रक्तपेढीत घेऊन जायचे. गाडीत बसण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न, "जेवलो मरे?" उपाशीपोटी रक्त दिले की भोवळ येते, म्हणून. आमच्या श्रावणातले उपवास आणि त्यांच्या कारेज्मातले (ईस्टरआधीच्या उपवासकाळातले) शुक्रवार, दोन्ही त्यांच्या कॅलेंडरवर खूण केलेले असत. वयाची 65 वर्षे उलटली की रक्त देता येत नाही. त्यानंतर ते नुसते गाडी चालवत राहिले.

माझी पत्नी बाळंत झाली त्या रात्री रक्तस्राव थांबेना. तिचा गट निगेटिव्ह. दोन वाजता मी तिओंचे दार ठोठावले. त्यांनी बल्कांवावरच (घरापुढच्या ओसरीवर) दिवा लावून वही उघडली. त्या गटाचे दोघेच होते, एक आमच्या देवळाचे भटजी आणि दुसरा वाड्यावरचा पोदेर, म्हणजे पाव भाजणारा. पोदेर त्या वेळी भट्टीपाशी जागाच होता. हाताला लागलेले पीठ झटकत तो तसाच गाडीत बसला. माझी मुलगी आज दहावीत आहे.

साहेब, तिओंचे नाव एखाद्या रस्त्याला द्यावे असे काही जण म्हणत आहेत. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण माझी मागणी वेगळी आहे. रक्तसंकलनाची गाडी वर्षातून चार वेळा, ठरलेल्या रविवारी आमच्यासारख्या गावांत यावी. तारीख आधी जाहीर व्हावी. एकदा चर्चच्या हॉलमध्ये, एकदा देवळाच्या सभामंडपात. मे महिन्यात कॉलेजे बंद असल्याने रक्तदाते कमी होतात आणि पावसाळ्यात डेंग्यू वाढला की प्लेटलेट्स लागतात. त्या तर पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून एखाद्या जयंतीला मोठे शिबिर घेऊन भागत नाही, माणसे थोडी थोडी पण वर्षभर येत राहावी लागतात. हे तिओंना कुणी शिकवले नव्हते. रक्तपेढीच्या बाकावर बसून बसून त्यांनी ते ओळखले होते.

आता ऑम्नी अंगणात उभी आहे. त्यांची मुलगी परदेशी निघाली, तिआ (त्यांच्या पत्नी) एकट्या. मला गाडी चालवता येते, पण 63 जणांना एकट्याने नेणे माझ्या आवाक्यातले नाही.

पहिला रविवार 24 नोव्हेंबरच्या आतला मिळावा. त्या दिवसापासून जुन्या गोव्याचे नोव्हेना (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात आणि निम्मा वाडा पहाटे तिकडे चालत जातो. हॉलबद्दल फाब्रिकाशी (चर्चच्या व्यवस्थापन समितीशी) बोललो आहे, ते तयार आहेत. आपल्या खात्याने तारीख तेवढी कळवावी. जेवून येण्याचा निरोप घरोघरी मी देईन.

आपला नम्र,
बार्देशातला एक रहिवासी