खोडरबराची कबुली

पुणे

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. माळा आवरताना गाण्यांना नंबर द्यायची वही सापडली. आपली ती खाकी पुठ्ठ्याची, घरच्यांनी उघडू नये म्हणून जिच्यावर तू 'सायन्स जर्नल' लिहिलं होतंस. २० फेब्रुवारी २०२४ ला गीतमालेचे निवेदक अमीन सायानी गेले, त्या रात्री ती घरभर शोधली होती. परवा जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यातून निघाली.

बुधवारी रात्री आठला रेडिओवर हिंदी गाण्यांची क्रमवारी, बिनाका गीतमाला! रेडिओ सिलोन तुमच्याकडं जरा बरं लागायचं, तेही तू एरियलची तार धरून उभा राहिलास तर. मी पायदानं, म्हणजे गाण्यांचे नंबर, उतरवायचो. गुरुवारी मधल्या सुट्टीत समोरच्या पानावर आपली: डावा रकाना तुझा, उजवा माझा. आपल्यात मराठीही चालायचं, नाहीतर 'आपली आवड'मध्ये ऐकलेलं जाणार कुठं? पहिल्या नंबरच्या सरताज गीताचा बिगुल तू तोंडानं वाजवायचास. मास्तरांनी एकदा त्यापायी बाहेर उभं केलं होतं आपल्याला.

मागच्या पानांवर एलपींची यादी आहे. तिचा नियम तुझा होता आणि अजूनही मला पटतो: मधलं एखादं गाणं टाळायला सुई उचलली, की ती तबकडी एक पायदान खाली. भीमसेनांची 'अभंगवाणी' कधीच खाली आली नाही. सिनेमाच्या बऱ्याच तबकड्या मात्र दुसऱ्या बाजूला घसरल्या.

हल्ली कळलं, इंग्लंडातली गाण्यांच्या खपाची पहिली यादी १४ नोव्हेंबर १९५२ ला छापून आली. एका साप्ताहिकातल्या माणसानं रेकॉर्डच्या दुकानांना फोन लावून विक्री विचारली आणि बेरीज केली. गीतमाला सुरू झाली ३ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या एकोणीस दिवसांनी! आपण कुणाला फोन केला नाही. दोनच मतं, आणि तीही भांडून.

आता मुलीनं फोनवर गाण्यांचं ॲप घालून दिलंय. वर्ष सरताना ते आपणहून यादी देतं. माझा पहिला नंबर कशाचा, तर नातवाला झोपवायच्या अंगाईचा. अडीच महिने रोज रात्री लावली, आवडली एकदाही नाही. यंत्र मोजतं बरोबर, पण त्याला काय कळणार?

तर मुद्द्याचं. १९८० चं पान. गीतमालेत त्या वर्षी 'सरगम'मधलं 'डफलीवाले' वार्षिक पहिलं आलं आणि तू महिनाभर नाक मुरडत होतास. "असलं ऐकणाऱ्याशी बोलायचं नाही," म्हणालास. माझ्या रकान्यात सलग तीन आठवडे 'मोगरा फुलला' आहे. ते खोटं आहे, बंड्या. कागद तिथं इतका झिजलाय की बोट आरपार जाईल. खिडकीशी उजेडाला धरला, तर मोगऱ्याखाली 'डफली' स्पष्ट दिसते, तिन्ही आठवडे. मोगरा तेव्हाही आवडायचा, पण आंघोळ करताना तोंडी डफलीच असायची. तुझ्या धाकानं खोडली. इतकी वर्षं सांगायचं राहिलं.

आणि हो, तुझ्या रकान्यातही दोन ठिकाणी कागद पातळ झालाय. मी अजून उजेडाला धरलेला नाही. दिवाळीत ये, मग दोघं मिळून बघू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
पम्या