टेप घेऊन शोरूममध्ये आलेल्या ताईंचे जाहीर आभार

ताई, नमस्कार!

गाडी आली. छोटी एसयूव्हीच घेतली शेवटी, आणि जिच्याकडे बघून तुम्ही नुसतं "हं" म्हणाला होतात तीच. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय. तुमचं नाव टाकत नाहीये, ते तुम्हाला चालणार नाही हे माहितीये.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मला रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजून आखडणारा आजार आहे, उजवा खुबा बदललाय, बोटांत पकड कमी, मान दोन्हीकडे अर्धीच वळते. गाडी चालवायला डॉक्टरांनी हो म्हटलेलं, प्रश्न होता की कुठली. आणि ताई ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, म्हणजे माणसाला त्याची रोजची कामं त्याची त्याला कशी करता येतील हे बघणाऱ्या. माझ्या हातांच्या व्यायामासाठी मी त्यांच्याकडे जायचे, गाडी निवडून देणं हे काही त्यांचं काम नव्हतं.

तर ताई, तुम्हाला विचारायच्या आधी मला भेटलेला प्रत्येक माणूस एकच सांगत होता, एसयूव्ही घे, उंच असते, बसायला सोपी. तुम्ही एकट्याच म्हणालात, "उंच म्हणजे काय उंच? गाडी उंच की सीट उंच?" ब्रोशरमध्ये ग्राउंड क्लिअरन्स छापलेला असतो, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते, त्याचा माझ्या खुब्याशी काही संबंध नाही. सारख्याच क्लिअरन्सच्या दोन गाड्यांमध्ये सीटच्या उंचीत चांगला चार बोटांचा फरक निघाला, तुमच्या टेपनेच निघाला. आणि माझं माप तुम्ही आधीच घेऊन ठेवलं होतं, सरळ उभं राहून जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत. सीट त्याहून थोडी वर हवी, म्हणजे टेकताना खाली कोसळायला होत नाही आणि उठताना गुडघ्यांवर सगळा भार येत नाही. फार वर असली तर पाय टेकत नाहीत आणि चढावं लागतं, ते अजून वाईट. मोठ्या एसयूव्ही तिथेच बाद झाल्या.

दुसरं माप तर मला सुचलंच नसतं. सीट जमिनीपासून किती वर हे एक, पण सीट गाडीच्या आतल्या तळापासून किती वर हे वेगळंच. इलेक्ट्रिक एसयूव्ही मला मनापासून आवडली होती, तिच्यात बॅटरी तळाखाली असते त्यामुळे बऱ्याच मॉडेलमध्ये तळ वर येतो, म्हणजे बाहेरून सीट छान उंच वाटते पण आत बसलं की गुडघे वर येतात आणि मांडीखाली पोकळी राहते. बदललेल्या खुब्याला फार दुमडून बसणं नको असतं, ऑपरेशननंतर तर बऱ्याच जणांना काही आठवडे ९० अंशांच्या पुढे वाकू नका असं सांगतातच, आणि माझा खुबा त्यानंतरही फार दुमडलं की कुरकुरतोच. सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या अशा नसतात, ज्याने त्याने बसूनच बघायचं. पण त्या गाडीत मी पाच मिनिटं बसले आणि तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणालात, चल पुढे.

बरं बसायचं कसं, हे पण तुम्हीच शिकवलंत. आपण सगळे आधी एक पाय आत टाकतो, मग वाकून डोकं, मग बाकीचं शरीर ओढून घेतो. तुम्ही म्हणालात गाडीकडे पाठ कर, सीट पूर्ण मागे, पाठ जरा कललेली, आधी बूड टेकव, मग दोन्ही पाय एकत्र आत. असं बसायला गेलं की गाडीचं खरं रूप कळतं! दाराखालचा उंबरठा काही गाड्यांमध्ये इतका रुंद असतो की टेकल्यावर सीट मागेच राहते आणि पाय उचलून त्यावरून न्यायचे म्हणजे कसरत. स्टिअरिंगचा खालचा काठ आणि सीट यांच्यात मांडी जायला जागा हवी. दाराच्या चौकटीचा वरचा भाग पुढे उतरता असेल तर मान वाकवावी लागते आणि माझी मान काही वाकत नाही. शिवाय स्पोर्टी म्हणून मिरवणाऱ्या त्या सीटा, कडेला कडक उंचवटे असलेल्या, त्यांच्यावरून घसरत आत जायचं म्हणजे प्रत्येक वेळी मांडीला मार. दिसायला भारी, आमच्यासारख्यांना भिकार.

कापडी सीटवर वळताना कपडे अडकतात, लेदरसारख्यावर सोपं जातं, हेही कळलं. आणि कापडीच घ्यावी लागली तर बसताना खाली प्लास्टिकची पिशवी टाकायची, अलगद वळता येतं, पण वळून झालं की ती काढायचीच, ब्रेक दाबताना माणूस सीटवरून पुढे घसरता कामा नये. गोल फिरणारी उशी मिळते तिच्याबद्दलही तुम्ही हेच म्हणालात, चालवताना ती खाली नको.

दाराचा किस्सा लिहायलाच हवा. शोरूममध्ये दार सताड उघडून सेल्समन उभा, बसा मॅडम किती आरामात बसता येतं बघा. तुम्ही बाजूची एक खुर्ची उचललीत, दारापासून हातभर अंतरावर ठेवलीत आणि म्हणालात, "ही शेजारची गाडी आहे असं समज, आता बस." पार्किंगमध्ये दार कधी पूर्ण उघडतं का हो? अर्धं उघडलेलं दार मध्ये कुठे थांबतं, की माझ्या नडगीवर येऊन आपटतं, हे त्या खुर्चीमुळे कळलं. लांब रुंद दाराच्या गाड्या तिथे हरल्या, आखूड दाराच्या जिंकल्या. आणि आत बसल्यावर उघडं दार परत ओढायला हात पोचतो का, तेही तुम्ही बघायला लावलंत.

तोच सेल्समन सगळी उत्तरं माझ्या नवऱ्याकडे बघून देत होता, प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर त्याला. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "गाडी ही चालवणार आहे, यांना फक्त डिकी उघडायचीये." नवऱ्याला ते इतकं आवडलं की तो घरी सगळ्यांना आपली ओळख तशीच करून देतो.

हाताला धरायला वरची मूठ बहुतेक गाड्यांमध्ये बाकी सगळ्यांच्या डोक्यावर असते, ड्रायव्हरच्या नसते. का नसते देव जाणे. त्यासाठी तुम्ही सांगितलेली ती सुटी मूठ घेतली, दार उघडल्यावर चौकटीवर जो यू आकाराचा लोखंडी हुक दिसतो त्यात अडकवायची आणि तिच्यावर भार देऊन उठायचं. रोज वापरते. दार लावायच्या आधी काढायची आठवण तेवढी ठेवावी लागते.

ऑटोमॅटिक घ्यायची हे नक्कीच होतं, क्लच दाबणं माझ्याकडून होणार नव्हतं. पण ऑटोमॅटिक म्हणजे एकच प्रकार नसतो हे चालवल्यावर कळतं. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं, त्यामुळे गिअर पडताना जो हिसका बसतो तो ज्याची मान बरी आहे त्याला जाणवणारही नाही, मला मात्र जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी हे ऑटोमॅटिकचे दुसरे दोन प्रकार, ते दोन्ही मऊ. ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळू सरकते, ॲक्सिलरेटरवर पाय न्यायचं काम वाचतं. आणि ऑटो होल्ड! थांबल्यावर गाडी स्वतःच ब्रेक धरून ठेवते, पाय मोकळा. सिग्नलला घोट्याला मिळणारी ती विश्रांती काय असते हे ज्याचा घोटा दुखतो त्यालाच कळेल. हँडब्रेक पण बटणाचा, खेचायचा नाही. सनरूफवर खर्च करण्यापेक्षा ही दोन बटणं असलेलं व्हेरिएंट घ्यावं असं माझं स्पष्ट मत झालंय, सनरूफवाल्यांनी रागावू नये.

हातांसाठी तुम्ही काय काय करून बघायला लावलंत ते बघून शोरूमवाले हसत होते. बेल्टचं बक्कल दाबून सोडवायला किती जोर लागतो, बेल्ट खांद्यामागून ओढायला हात किती मागे न्यावा लागतो, सीट वरखाली करायला लिव्हर पंपासारखा उपसायचा की बटण आहे, एसीची गोल खुंटी आहे की सगळं स्क्रीनवर. गाडी हलत असताना वाकड्या बोटाने स्क्रीनवर नेमक्या जागी टेकवणं मला जमत नाही, खुंटी जमते. स्टिअरिंग जाड घेराचं बरं, बारीक धरायला बोटं जास्त आवळावी लागतात. आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण दोन्ही बाजूंना फिरवून बघ म्हणालात, कारण पार्किंग करताना तेच लागतं. सगळ्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असलं तरी हलकेपणात केवढा फरक निघाला!

मानेसाठी कॅमेरे. चारही बाजूंचा कॅमेरा आणि आरशात पेटणारा ब्लाइंड स्पॉटचा दिवा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेत कोणी आलं की पेटतो तो, ही माझ्यासाठी चैन नाही. मागून आडवं कोणी येत असेल तर वाजणारी सूचना पण आहे, रिव्हर्स घेताना तिच्यामुळे धीर येतो. तरी आरसे कसे लावायचे हे तुम्ही आधी शिकवलंत आणि कॅमेऱ्याचं नंतर बोललात, ते बरं झालं, पावसात कॅमेऱ्यावर चिखल उडाला की आरसेच उरतात.

एक गोष्ट सुरक्षेची, जी मला कोणीच सांगितली नव्हती. छातीचं हाड आणि स्टिअरिंगचा मधला भाग यात निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था एनएचटीएसए पण हेच सांगते, कारण एअरबॅग फार जोरात उघडते. माझ्यासारखी बुटकी बाई पॅडलपर्यंत पोचायला सीट पुढे घेते आणि स्टिअरिंगला चिकटते. म्हणून स्टिअरिंग नुसतं वरखाली होणारं नको, आतबाहेर पण सरकणारं हवं. या एका अटीवर एक सुंदर गाडी गेली. रंग काय होता तिचा! जाऊ दे.

डिकीबद्दल फार लिहीत नाही, माझा वॉकर हलका आहे. फक्त ते पाय हलवला की उघडणारं दार, ज्याची जाहिरात फार करतात, त्यासाठी एका पायावर उभं राहावं लागतं हे बनवणाऱ्यांच्या लक्षात कसं येत नाही? आपण दोघी तिथेच हसत सुटलो होतो. मला किल्लीवरचं बटण पुरे. ज्यांना व्हीलचेअर उचलून ठेवायचीये त्यांनी मात्र डिकीचा काठ किती उंच आहे ते आधी मोजा, आणि स्वतःची खुर्चीच घेऊन जा शोरूममध्ये.

पुढचाही विचार तुम्ही केलात, मला न घाबरवता. म्हणालात आज तुला हाताने चालवायच्या ॲक्सिलरेटर-ब्रेकची गरज नाही, उद्याचं माहीत नाही, तर स्टिअरिंगच्या खाली तो दांडा बसवायला जागा आहे का आणि गुडघ्याची एअरबॅग मध्ये येते का एवढं विचारून ठेव. उजवा पाय गेला तर डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवता येतो, तो काढता-घालता येणारा घ्यायचा म्हणजे घरातलं दुसरं कोणी चालवू शकतं. आणि काहीही बसवायच्या आधी लायसन्सवाल्यांना आणि इन्शुरन्सवाल्यांना विचारायचं, नियम सगळीकडे सारखे नसतात.

पण ताई, मी सगळ्यात जास्त आभार मानते ते तुमच्या त्या हट्टाचे. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी ठेवली होती, मला तेव्हा बरं असतं. तुम्ही ती रद्द करून सकाळची घ्यायला लावलीत. "सांधे आखडलेले असताना बघू, बऱ्या वेळेला काय कुठलीही गाडी चालते." आणि नुसतं चालवून नाही, अर्धा तास गाडीतच बसून राहायचं आणि मग उतरायचं, कारण आत शिरण्यापेक्षा आखडल्यावर बाहेर निघणं अवघड. त्या सकाळी माझी पहिली पसंती असलेल्या गाडीतून मला उतरताच येईना, तुम्ही हात दिलात आणि काहीच बोलला नाहीत. आणि ज्या गाडीकडे मी ढुंकून बघितलं नव्हतं तिच्यातून मी माझी मी उतरले. गाडी तिथेच ठरली. माझ्या वाईट दिवसाला धरून कोणी माझ्यासाठी काही निवडलं असं याआधी झालं नव्हतं, डॉक्टरांकडे जाताना सुद्धा मी आवरून, गोळी घेऊन, जरा बरी होऊनच जाते.

आता कामाचं. माझ्या ओळखीच्या एका काकांना, त्यांचा डावा हात लकव्यानंतर अशक्त आहे, गाडी घ्यायचीये आणि ते तुमचा नंबर मागतायत. न विचारता दिला नाहीये. त्यांना एका हाताने स्टिअरिंग फिरवायला लावतात ती गोल मूठ बसवायचीये, तुम्ही बघाल का त्यांचं? हो म्हणालात तर देते. आणि रविवारी मी येतेय तुमच्याकडे, माझी मी चालवत, नवरा मागच्या सीटवर. तुमच्या खालच्या पार्किंगमध्ये सांगून ठेवा, भिंतीला लागूनची जागा नको.

तुमची,
सकाळी आखडलेली पण गाडीवाली पेशंट