सुहास, आधी त्या खोलीत रात्री बसून बघ

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण ते वाचल्यापासून मी आमच्याच भिंतींकडे बघत बसलोय. आतली खोली पांढरी करावी, की शेडकार्डावरची ती काळ्याच्या काठावर आलेली हिरवी लावावी, एवढाच तुझा प्रश्न. वहिनी पांढऱ्याच्या बाजूने, तू हिरव्याच्या, आणि मधे मला ओढलंस. तुमच्या भांडणात मला पडायचं नाही, पण पडेनच बहुतेक.

आधी माझी फजिती ऐक. मागच्या घरात अगदी अशीच एक खोली होती. एकच खिडकी, तीही लहान, आणि समोर दुसरी भिंत. खोली अंधारी, मग पांढरा लावला की उजळेल, असा माझा सरळ हिशोब. रंगाऱ्याने दोन हात मारले, सामान परत लागलं आणि चार दिवसांत कळलं की खोली उजळली नाही, राखाडी झाली. पांढरा रंग स्वतः उजेड देत नाही रे, आलेला परत करतो. मुळात येतच नसेल तर परत काय करणार? कोपऱ्यांत सावली साचत होती आणि पांढऱ्यावर ती धुवायला टाकलेल्या चादरीसारखी मळकी दिसत होती.

तरी पांढऱ्यावर अन्याय नको. काही शेडच्या मागे एलआरव्ही म्हणून एक आकडा छापलेला असतो. भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती टक्के ती परत फेकते, ते त्यातून कळतं. 0 म्हणजे ठार काळा, 100 म्हणजे सगळंच्या सगळं परत. आता समज, एका खोलीच्या भिंतींचा आकडा 80 आणि दुसरीचा 10. उजेड एकदा आपटून थांबत नाही, या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत राहतो. 100 भाग उजेड निघाला तर तिसऱ्या उडीनंतर पहिल्या खोलीत 51 भाग उरतात. दुसरीत एका भागाचा दहावा हिस्सा! कागदावर हा हिशोब केला तेव्हा मला दोन्ही खोल्यांचा स्वभाव कळला. फिक्या खोलीत एकच दिवा सगळीकडे पोचतो. गडद खोलीत दिवा जिथे ठेवलाय तिथेच राहतो.

म्हणून तुला विचारायचंय, त्या खोलीत बसणार कोण आणि कधी? तू लिहिलंयस की दिवसा तिथे कुणी फिरकत नाही, रात्री जेवणं आटोपली की तू पुस्तक घेऊन बसतोस. मग माझं मत हिरव्याला. दिव्याखाली तू, तुझी खुर्ची, पुस्तक, आणि मागे भिंत कुठे संपते ते कळूच नये, यासारखं सुख पांढऱ्या खोलीत मिळत नाही. पण छताला मधोमध एकच दिवा लावून हे जमणार नाही, गुहा होईल. खुर्चीशेजारी एक, कपाटापाशी एक, टेबलावर एक, असे तीन लहान दिवे लाव. आणि ते पिवळसर उजेडाचे, 2700 केल्विनचे घे. 6500 च्या निळसर पांढऱ्या उजेडात तीच हिरवी अगदी थंड पडेल.

‘गडद रंगाने खोली लहान दिसते’ हे वहिनींचं म्हणणं मला अर्धंच पटतं. गडद रंगात कोपऱ्यांच्या कडा पुसट होतात, त्यामुळे अंतराचा अंदाजच येत नाही. खोली बुटकी दिसते ती बहुतेकदा गडद भिंत जिथे संपते आणि पांढरं छत सुरू होतं त्या रेघेमुळे. तुझं छत खाली आहे ना? मग छतालाही तीच हिरवी लाव, रेघच राहणार नाही. रंगारी तुझ्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

अजून एक गंमत. दिवेलागणीला, दिवा लावायच्या आधी, लाल रंग लवकर काळवंडतात आणि निळे-हिरवे तग धरतात. अंधुक उजेडात डोळ्याचं गणित बदलतं म्हणून असं होतं. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 19व्या शतकात ते टिपून ठेवलं, म्हणून त्या परिणामाला त्याचंच नाव आहे. तू मरून रंग मागितला असतास तर मी थांबवलं असतं.

आता गडदाची दुखणी. मॅट लावलास तर नख लागलं तरी पांढरट ओरखडा उठतो, पुसायला गेलास तर तेवढाच भाग चकाकतो, आणि टचअपचं ठिगळ लपत नाही. चकचकीत लावलास तर भिंतीवरच्या पुट्टीतला प्रत्येक उंचवटा दिव्याच्या तिरप्या उजेडात ओरडून सांगेल. मी मॅटच घेईन आणि ओरखडे सोसेन. गडद रंग ज्यात मिसळून बनवतात त्या बेसमध्ये झाकणारा पांढरा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, कमी असतो, त्यामुळे दोन हातांत भागेलच असं नाही. खाली राखाडी अस्तर दिलंस तर एखादा हात वाचतो. उद्या कंटाळा आला आणि परत पांढऱ्यावर यायचं ठरलं तर प्रायमरपासून सुरुवात, हेही धरून चाल.

शेडकार्डावरच्या नखाएवढ्या तुकड्यावर मात्र निर्णय घेऊ नकोस. दोन फुटांचे दोन पुठ्ठे घे, दोन्हींवर दोन-दोन हात मार आणि पुरते वाळू दे. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, वाळल्यावर बहुधा गडद होतं. मग ते कोपऱ्यात काटकोनात उभे कर. समोरासमोर आले की एकाचा रंग दुसऱ्यावर पडतो आणि हिरवी आणखी दाट होते. खोलीत नेमकं हेच होणार आहे. भिंतीवर पाच शेडचे पट्टे शेजारी शेजारी ओढायची चूक मी केली होती. प्रत्येक पट्टा शेजारच्याला बिघडवत होता आणि मागची जुनी पिवळी सगळ्यांनाच.

वहिनींसाठी तोड म्हणजे बाहेरचा बोळ. तो फिका ठेवा, पण शुभ्र नको, किंचित पिवळसर झाक असलेला. उजळ बोळातून आत शिरलं की खोली अजून खोल वाटेल.

पुठ्ठे तयार झाले की फोटो पाठवू नकोस, कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. मला नुसतं कळव. मीच येतो, रात्री नऊनंतर. आणि तोवर त्या खोलीतला वरचा दिवा बदलू नकोस, आधी त्याच्याखालीही बघायचंय.

तुझा,
नंदू