ब्रुकलिनहून पत्र: काळा भात, तळलेलं मटण आणि स्वातंत्र्याचं सूप

ब्रुकलिन, न्यूयॉर्क
रविवार, रात्री

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बाहेर जेवतेस म्हणजे नक्की काय खातेस? पिझ्झाच ना?" तेव्हा वॉर्डातून हाका येत होत्या, म्हणून फोन ठेवला. आज सुट्टी आहे आणि पोट तुडुंब भरलंय, तर सगळं नीट लिहिते.

आमच्या वॉर्डातल्या सिनिअर सिस्टर हैतीच्या, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या देशाच्या आहेत. या शहरातल्या दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत हैतीच्या नर्स आणि मदतनीस भरपूर, रात्रपाळीला तर जास्तच. बाई गेले कित्येक महिने म्हणत होत्या, की एकदा आमच्याकडचं जेव. आज त्या मला फ्लॅटबुशला घेऊन गेल्या. तिथल्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनाचं नावच आता 'न्यूकर्क अव्हेन्यू–लिटल हैती' आहे. वर आलं की रस्त्यांच्या पाट्यांवर तूसाँ लूव्हेर्त्यूर आणि देसालीन ही नावं दिसतात. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांनी बंड केलं, नेपोलियनच्या फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतःचं राष्ट्र जाहीर केलं, त्या लढ्याचे हे पुढारी. शाळेत आपल्याला फ्रेंच राज्यक्रांती पानंच्या पानं होती, पण याबद्दल एक ओळही वाचल्याचं मला आठवत नाही.

हॉटेल म्हणजे चार टेबलं, काचेमागे वाफाळती भांडी आणि बांधून न्यायला आलेल्यांची रांग. आत शिरताच बाईंनी अख्ख्या खोलीला उद्देशून "बॉन्जू" म्हटलं आणि अनोळखी माणसांनीही जेवता जेवता उत्तर दिलं. न बोलता आत शिरणं हा तिथे उद्धटपणा समजतात. न्यूयॉर्कमध्ये शेजारचा माणूस वर्षभर तोंड उघडत नाही, त्यामुळे मला फार बरं वाटलं. भिंतीवर पदार्थांची ही मोठी यादी, पण तिच्याकडे कुणी बघतच नाही. गल्ल्यावरच्या बाईंना "आज काय आहे?" विचारायचं, त्या तीन-चार नावं सांगतात, त्यातलं घ्यायचं. मग थांबायचं. पाऊण तास थांबलो. आई, तुझ्या भाषेत सांगायचं तर जीव मेटाकुटीला आला, पण आमच्याखेरीज कुणालाच घाई नव्हती.

थांबल्या थांबल्या बाईंनी स्वयंपाकाची पद्धत सांगितली. त्यांच्याकडे सगळ्याच्या मुळाशी 'एपिस' असतं: कांद्याची पात, पार्सली, लसूण, सिमला मिरची, थाईमचा पाला, लवंग, सगळं एकत्र कुटलेलं. आपल्या हिरव्या वाटणासारखं, फक्त नारळ नाही. पूर्वी मोठ्या लाकडी उखळात कुटायचे, आता मिक्सर. आठवड्याचं एकदम करून बरणीत ठेवतात.

आणि आई, हे खास तुझ्यासाठी. इथले सरकारी आरोग्यखात्याचे लोक सांगतात की कच्चं मांस धुऊ नका, शिंतोड्यांतून जंतू पसरतात. मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नकोस. त्यांच्या घरी मटण आधी लिंबाच्या फोडींनी चोळतात, मग आंबट संत्र्याच्या रसात धुतात, वरून कढत पाणी ओततात आणि मगच एपिस लावतात. न धुतलेलं मांस शिजवणाऱ्या घरी त्या पाणीसुद्धा घेणार नाहीत. तुमच्या दोघींची गाठ पडली तर अमेरिकन आरोग्यखात्याचं काही खरं नाही.

तर मी 'तासो काब्रित' मागवलं. बकऱ्याचे तुकडे त्या आंबट रसात मुरवून शिजवतात आणि मग तळतात. बाहेरून कडक, आत हाडाजवळ मऊ, आणि चव मुख्यतः आंबटपणाची. रस्सा नाही, बाबा, त्यामुळे पहिल्या घासाला तुम्ही नाक मुरडाल. पण सोबत 'पिक्लीझ' येतं: बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा आणि स्कॉच बॉनेट नावाची गोल, बसकी मिरची, सगळं व्हिनेगरमध्ये मुरलेलं. ती मिरची आधी फळासारखी गोड वासाची लागते आणि घास गिळल्यावर कानशिलं तापतात. गल्ल्यावरच्या बाईंनी मला चमचाभरच दिलं, परकी म्हणून. मी आणखी मागितलं तेव्हा आतून आचारी बघायला आला.

बरोबर कच्च्या केळ्याचे काप होते. जाड काप एकदा तळायचे, दोन फळ्यांच्या लाकडी चिमट्यात दाबून चपटे करायचे, मीठ-लसणाच्या पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा तेलात सोडायचे. ओले काप तेलात पडले की आतून तडतड ऐकू येत होती. बाईंनी 'ग्रिओ' घेतलं, म्हणजे डुकराचं मांस, तो त्यांचा सगळ्यात लाडका पदार्थ. मी घेतलं नाही. आजीला हे वाक्य मोठ्याने वाचून दाखव.

आता काळा भात. हैतीच्या उत्तर भागात 'जोंजों' नावाची बारकी काळी अळंबी होते. वाळवलेली अळंबी भिजवून उकळायची, चोथा फेकून द्यायचा आणि त्या शाईसारख्या पाण्यात तांदूळ, मटार आणि लवंग घालून भात करायचा. दिसायला जळलेला वाटतो, पण वास असा मातकट आणि खमंग की मी आधी नुसताच खाल्ला. ही अळंबी महाग पडते, म्हणून पुष्कळ जण जोंजोंच्या चवीची मॅगीची वडी घालतात. हो, तीच मॅगी! बाईंच्या मते असा भात फक्त रंगाने काळा असतो.

आजीला आणखी एक गोष्ट सांग, पण जपून. तिथे शंख खातात. 'लांबी' म्हणतात त्याला, आतल्या जिवाचं मांस कुटून मऊ करतात आणि टोमॅटोच्या रश्श्यात शिजवतात. आपल्या देवघरातला शंख डोळ्यांपुढे आला आणि माझा हातच पुढे होईना. मग बाई म्हणाल्या, आमच्याकडेही तो फुंकतात. पोर्तो-प्रिन्समध्ये, म्हणजे हैतीच्या राजधानीत, पळून गेलेल्या गुलामाचा पुतळा आहे, पायात तुटलेली साखळी आणि तोंडाला शंख, बंडाची हाक देणारा. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला. लांबी मी तरीही खाल्ली नाही.

रविवार असल्याने रांगेतले बरेचसे लोक भोपळ्याच्या सूपसाठी आले होते. त्यात बीफ असतं, त्यामुळे तिथे मी ते घेतलं नाही, पण चव मला माहीत आहे. १ जानेवारीला माझी ड्युटी होती, तेव्हा बाईंनी बिनमांसाचा डबा माझ्यासाठी वेगळा आणला होता. भोपळा, कोबी, गाजर, बटाटा, शेवया, दाट आणि पिवळंधमक. मळ्यांवर हे सूप गुलामांनी रांधायचं आणि मालकांनी प्यायचं, असा रिवाज होता असं ते सांगतात. म्हणून स्वातंत्र्याच्या दिवशी सगळ्यांनी तेच प्यायचं, शेजारीपाजारी वाटायचं. २०२१ मध्ये युनेस्कोने या 'सूप जूमू'ला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मात्र स्वातंत्र्य फुकट पचू दिलं नाही. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, मळे आणि गुलाम गमावल्याची भरपाई म्हणून! पुढे ती रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. बाई हे सांगताना जेवायच्या थांबल्या नाहीत, पण आवाज चढला होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्तो-प्रिन्सला विमानांवर गोळीबार झाला आणि अमेरिकेतून तिथे जाणारी विमानं बंद केली. बाईंची बहीण तिथेच आहे. तो विषय मी वाढवला नाही. बिल मात्र त्यांनी मला देऊ दिलं नाही, ओढाओढी आपल्यासारखीच झाली आणि मी हरले.

तुम्ही दोघं मेमध्ये यायचं म्हणताय तर १८ तारखेच्या आधी या. तो त्यांचा झेंड्याचा दिवस असतो, निळे-लाल झेंडे घेऊन माणसं रस्त्यावर येतात. बाबा, तुमच्यासाठी मी तासो मागवेन आणि घरून रस्सा डब्यात आणेन, म्हणजे तक्रार नको. आई, बाईंना कांदा-लसूण चटणी हवी आहे. पाव किलो आण, पिशवी दोनदा बंद कर, मागच्या वेळी दादाच्या सगळ्या शर्टांना वास लागला होता.

आजीच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? मिरजेलाच करा, पुण्याला कशाला नेता एवढ्यासाठी. बाबा, बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणत जा. दादाला म्हणावं, मेसेजला उत्तर दे.

तुमची,
मनू